जुना फोन विकण्यापूर्वी तो रिकामा कसा करावा

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या काकांनी चार वर्षे वापरलेला आपला अँड्रॉइड फोन एका दुकानात विकला. विकण्यापूर्वी दोन दिवस खपून त्यांनी त्यातील फोटो एकेक करून डिलीट केले होते आणि व्हॉट्सॲप काढून टाकले होते. दुकानात काउंटरवरच्या मुलाने "फॉरमॅट मारून देतो, काका" असे म्हणत बाजूची बटणे दाबून फोन कोरा केला, तेव्हा ते निश्चिंत होऊन घरी आले. संध्याकाळी त्याच मुलाचा फोन आला. "काका, तुमचा जीमेल मागतोय, पुढेच जात नाहीये. पासवर्ड सांगता का जरा?" काकांनी कपाटातली वही काढली, चष्मा लावला आणि पासवर्डाचे पहिले अक्षर उच्चारणार तोच मी त्यांच्या हातून फोन घेतला.

त्या मुलाच्या मनात काही वावगे नव्हते. फोन पुढे विकायचा तर त्याला तो सुरू व्हायला हवाच होता. परंतु त्या एका पासवर्डामागे काकांचे सगळे ईमेल, फोटो, संपर्क आणि बँकेपासून डीमॅटपर्यंत प्रत्येक खात्याचा "पासवर्ड विसरलात?" हा दरवाजा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे दुकानात गेलो, काकांनी स्वतःच्या हाताने पासवर्ड टाकला, फोन सुरू झाल्यावर खाते काढले आणि फोन पुन्हा एकदा रीसेट केला. घरी आल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली. जुन्या फोनवरून हाताने काढलेले फोटो नव्या फोनवरूनही गेले होते, कारण दोन्हीकडे एकच गुगल खाते चालू होते. बॅकअप झालेले फोटो गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, म्हणून नातीच्या बारशाचे फोटो परत मिळाले.

काकांनी मेहनत कमी घेतली नव्हती. त्यांचा क्रम चुकला होता. आधी हवे ते सगळे नव्या जागी हलवावे, मग खाती सोडवावीत आणि सर्वांत शेवटी फोन एकदाच पूर्ण पुसावा. या क्रमाने गेल्यास एकेक फोटो, एकेक संदेश हाताने काढत बसण्याची गरजच उरत नाही. खाते चालू असताना हाताने काहीही डिलीट करू नये, ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना समजावी. ती अँड्रॉइडला लागू आहे तशीच आयफोनलाही लागू आहे, कारण आयक्लाउड (ॲपलची ऑनलाइन साठवण) चालू असताना फोनवरून काढलेला संपर्क किंवा फोटो आयक्लाउडवरूनही जातो.

डिलीट केल्यावर नेमके काय होते

सातबाऱ्यावरून नाव कमी झाले म्हणून शेत जागेवरून हलत नाही. फाइल डिलीट केल्यावर साठवणीत तसेच काहीसे घडते : फाइलची नोंद खोडली जाते, ती जागा मोकळी म्हणून मांडली जाते, पण मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत किंवा ती जागा आतून साफ होईपर्यंत राहू शकतो. फोनमधील फ्लॅश चिपच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहिल्याने चिप झिजते म्हणून तिचा नियंत्रक नवे लिखाण सतत वेगवेगळ्या जागी वाटून टाकतो, आणि त्यामुळे "त्याच फाइलवर दुसरे काही लिहून ती मिटवली" याची खात्री बाहेरून देता येत नाही.

या अडचणीवरचा खरा उपाय एन्क्रिप्शन हा आहे. आजच्या फोनमध्ये साठवलेली प्रत्येक गोष्ट कुलूपबंद स्वरूपातच लिहिली जाते आणि तिची किल्ली फोनच्या सुरक्षित भागात असते. फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन नव्यासारखा कोरा केल्यावर ती किल्ली नष्ट होते, आणि किल्ली गेल्यावर चिपवर उरलेला मजकूर कोणाच्याही उपयोगाचा राहत नाही. म्हणूनच १२८ जीबीचा फोन काही मिनिटांत पुसला जातो. एकेक कोपरा धुऊन काढायचा असता तर तेवढ्या वेळात ते झाले नसते. आयफोनमध्ये हे हार्डवेअर एन्क्रिप्शन २००९ च्या थ्री-जीएसपासून आहे. अँड्रॉइडमध्ये २०१५ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून पुरेशा वेगवान नव्या फोनना ते सक्तीचे झाले आणि अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या सर्व फोनवर ते असतेच.

त्याआधीच्या फोनची गोष्ट वेगळी आहे. केंब्रिज विद्यापीठातील लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी २०१५ साली पाच कंपन्यांचे २१ वापरलेले फोन तपासले होते. त्यांवर अँड्रॉइड २.३ ते ४.३ या आवृत्त्या होत्या. रीसेट केल्यानंतरही त्या फोनमधून जुने संदेश, संपर्क आणि फोटोंचे अवशेष मिळाले, आणि दर पाचांपैकी चार फोनमध्ये गुगल खात्यात पुन्हा प्रवेश मिळवून देणारी खूणही हाती लागली. आजच्या फोनला हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण घरातल्या खणात पडून असलेल्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या फोनला होतात. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

मेमरी कार्डाला तर हे एन्क्रिप्शन सहसा नसतेच. मी स्वतःचे एक जुने ८ जीबीचे कार्ड फोनमधून फॉरमॅट केले, लॅपटॉपला जोडले आणि फुकट मिळणारे एक रिकव्हरी सॉफ्टवेअर त्यावर चालवून पाहिले. तासाभरात पडद्यावर एकेक चित्र उमटू लागले : गावच्या जत्रेचे फोटो, विजेचे बिल, आणि त्यांच्या मध्ये आमच्या शिधापत्रिकेच्या दोन्ही पानांचा स्वच्छ फोटो. कार्ड फोनला "रिकामे" दिसत होते. त्या दिवसापासून फोनसोबत मेमरी कार्ड मी कधीही दिलेले नाही आणि कोणीही देऊ नये असे माझे ठाम मत आहे. कार्डाची किंमत अशी कितीशी असते!

आधी हलवावयाच्या गोष्टी

नवा फोन हाती आल्यावर जुना लगेच विकू नये. आठवडाभर दोन्ही जवळ ठेवल्यास काय राहून गेले ते वापरता वापरता आपोआप कळते.

संपर्कांपासून सुरुवात करावी, कारण सगळे संपर्क गुगल खात्यात असतात हा समज बऱ्याचदा खोटा ठरतो. अनेकांचे निम्मे संपर्क "डिव्हाइस"वर, काही सिमवर आणि उरलेले खात्यात असे विखुरलेले असतात. संपर्कांच्या ॲपमध्ये खात्यानुसार यादी पाहावी आणि जे केवळ फोनवर आहेत ते खात्यात हलवावेत, किंवा "एक्स्पोर्ट" करून तयार होणारी फाइल स्वतःला ईमेलने पाठवावी.

फोटोंच्या बाबतीत कॅमेऱ्याच्या फोल्डरचा बॅकअप चालू असला तरी व्हॉट्सॲपमधून आलेली चित्रे, स्क्रीनशॉट आणि डाउनलोड यांचा बॅकअप बहुधा बंद असतो. ज्यांना क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या ऑनलाइन साठवणीवर, भरवसा नाही किंवा गुगलची १५ जीबीची फुकट जागा भरली आहे, त्यांनी फोन केबलने संगणकाला जोडून संपूर्ण फोल्डर उतरवून घ्यावेत आणि उतरवलेल्यांपैकी चार-दोन फोटो व व्हिडिओ संगणकावर उघडून पाहावेत. कॉल रेकॉर्डिंग आणि ध्वनिमुद्रणे यांच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. आजोबांच्या आवाजातले एखादे बोलणे कॉल रेकॉर्डिंगच्या फोल्डरात एकटेच पडून असते आणि रीसेटनंतर ते जगात कुठेच उरत नाही. सॅमसंगच्या फोनवर "सिक्युअर फोल्डर" वापरत असल्यास त्यातील गोष्टी नेहमीच्या बॅकअपमध्ये येतीलच असे धरून चालू नये. त्या स्वतंत्रपणे बाहेर काढाव्यात.

व्हॉट्सॲपच्या गप्पा हलवण्यासाठी दोन वाटा आहेत. एक म्हणजे क्लाउडवरील बॅकअप. दुसरी वाट एका अँड्रॉइडवरून दुसऱ्या अँड्रॉइडवर जाताना अधिक सोयीची आहे : जुन्या फोनवर सेटिंग्जमधील "चॅट्स" या भागात "ट्रान्सफर चॅट्स" सुरू करावे आणि नव्या फोनवर त्याच क्रमांकाने व्हॉट्सॲप चालू करताना दिसणारा क्यूआर कोड जुन्या फोनने स्कॅन करावा. यात काही क्लाउडवर जात नाही. नव्या फोनवर क्रमांक चालू झाला की जुन्या फोनवरचे व्हॉट्सॲप आपोआप बाहेर पडते, पण आधीच्या गप्पांची फाइल त्या फोनच्या साठवणीत तशीच राहते, हे विसरू नये.

पैशांशी संबंधित ॲप हा या सगळ्यातील सर्वांत नाजूक भाग आहे. यूपीआयची नोंदणी सिम आणि फोन या दोहोंशी बांधलेली असते, म्हणून सिम नव्या फोनमध्ये घालून तिथे नोंदणी पूर्ण करावी, एक रुपया कोणाला तरी पाठवून पाहावा आणि मगच जुन्या फोनवरील ॲपमधून बाहेर पडावे. यूपीआय लाइट (छोट्या रकमा देण्यासाठी आधी पैसे भरून ठेवण्याची सोय) वापरत असाल तर आणखी एक पायरी आहे. लाइटमधील शिल्लक त्या विशिष्ट फोनशी बांधलेली असते आणि ती आता ५,००० रुपयांपर्यंत असू शकते. जुन्या फोनवर लाइट बंद करून ती रक्कम बँकेच्या खात्यात परत घ्यावी आणि जमा झाल्याचा संदेश आल्याशिवाय पुढे जाऊ नये. रीसेटनंतर ती रक्कम मिळवण्यासाठी बँकेचे उंबरठे झिजवत बसण्यापेक्षा ही दोन मिनिटे कारणी लागतात.

दोन टप्प्यांच्या पडताळणीचे कोड देणारे ऑथेंटिकेटर ॲप असेल तर त्यातील खाती क्यूआर कोडने नव्या फोनवर नेता येतात. नव्या फोनवर मिळणारा कोड एकदा प्रत्यक्ष वापरून लॉगिन होते ना, हे पाहावे. ही पायरी चुकल्यामुळे आपल्याच खात्याबाहेर राहिलेली माणसे मी पाहिली आहेत.

गुगलवर ठेवलेल्या संपूर्ण फोनच्या बॅकअपबद्दल एक बाब सांगणे आवश्यक आहे. फोन ५७ दिवस वापरात नसला तर तो बॅकअप पुसला जाऊ शकतो. त्यामुळे "बॅकअप आहे, पुढे कधीतरी नव्या फोनवर घेऊ" असे म्हणून थांबू नये.

खाती सोडवणे

अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन नावाची सोय फोनमध्ये आहे. बोलीत लोक त्याला "एफआरपी लॉक" म्हणतात. फोन चोरून कोणी बटणे दाबून रीसेट केला तरी आधीच्या मालकाचे गुगल खाते किंवा स्क्रीनचे कुलूप सांगितल्याशिवाय तो चालू होत नाही. चोरासाठी केलेल्या या बंदोबस्तात काकांचा फोन अडकला होता. सोय उत्तम आहे. विकताना ती आपण होऊन सोडवावी लागते, एवढेच.

सेटिंग्जमध्ये "पासवर्ड्स अँड अकाउंट्स" किंवा नुसते "अकाउंट्स" असा भाग असतो. तिथे फोनवर असलेले प्रत्येक गुगल खाते उघडून "रिमूव्ह अकाउंट" निवडावे. अनेक ज्येष्ठ मंडळी इथे घाबरून थांबतात, म्हणून स्पष्ट लिहितो : याने गुगल खाते बंद होत नाही, ते केवळ या फोनवरून उतरते, आणि नव्या फोनवर ते होते तसेच राहते. एकाच फोनवर आपले, पत्नीचे आणि मुलाच्या शाळेचे अशी तीन खाती असली तर तिन्ही काढावीत.

गुगल खाते काढले म्हणजे काम संपले असेही नाही, कारण फोन बनवणाऱ्या कंपन्यांची स्वतःची खाती असतात. शाओमी, रेडमी आणि पोको या फोनवर शाओमी खात्यातून बाहेर पडताना पासवर्ड मागितला जातो आणि "फाइंड डिव्हाइस" बंद केले जाते. ते चालू राहिल्यास फोन रीसेटनंतरही कुलूपबंद राहू शकतो. सॅमसंगवर सेटिंग्जमध्ये सर्वांत वर दिसणाऱ्या आपल्या नावावर जाऊन "साइन आउट" करावे. विवो, ओप्पो, रियलमी यांच्यावरही कंपनीचे खाते उघडलेले आहे का, ते पाहावे. पासवर्ड आठवत नसेल तर तो घरीच शांतपणे नवा करून घ्यावा. गुगलचा पासवर्ड नुकताच बदलला असेल तर फोन रीसेट करण्यापूर्वी २४ तास जाऊ द्यावेत, असे गुगलच सुचवते. म्हणून हे काम विक्रीच्या दिवशी सकाळी काढू नये.

घड्याळ किंवा इअरफोन जोडलेले असतील तर ते सोडवावेत. फोनमध्ये ई-सिम (कार्डाशिवायचे, फोनमध्येच नोंदलेले सिम) असेल तर ते आधी नव्या फोनवर हलवून तिथून एक कॉल करून पाहावा. नंतर पिन घालून ट्रे बाहेर काढावा, सिम आणि मेमरी कार्ड दोन्ही काढून घ्यावीत आणि ट्रे पुन्हा बसवावा. काही ट्रेमध्ये कार्ड मागच्या खाचेत असते आणि सिम काढताना ते दिसत नाही, तेव्हा ट्रे उलटा करूनही पाहावा.

फोन पुसणे

आता फोन चार्जरला लावावा. बॅटरी निम्म्याहून अधिक असली तरी केबल लावलेली बरी, कारण अर्ध्यावर बंद पडलेला रीसेट फोन बिघडवू शकतो.

रीसेट सेटिंग्जमधूनच करावा, बाजूची बटणे दाबून नव्हे. बटणांनी केलेला रीसेट फोनला चोराने केल्यासारखा वाटतो आणि एफआरपी जागे होते. सेटिंग्जमधून केल्यास स्क्रीनचा पिन विचारला जातो आणि मालकाची संमती नोंदली जाते. बहुतेक फोनवर "सिस्टम" आणि त्यात "रीसेट ऑप्शन्स" अशी वाट आहे. सॅमसंगवर "जनरल मॅनेजमेंट"मध्ये "रीसेट" आणि मग "फॅक्टरी डेटा रीसेट". शाओमीवर "अबाउट फोन"मध्ये "फॅक्टरी रीसेट". सापडत नसेल तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत "रीसेट" एवढे टाइप करावे. "रीसेट नेटवर्क सेटिंग्ज" किंवा "रीसेट ऑल सेटिंग्ज" हे पर्याय तिथेच शेजारी असतात, पण त्यांनी केवळ मांडणी बदलते आणि डेटा तसाच राहतो. आपल्याला हवा असलेला पर्याय "इरेज ऑल डेटा" हे शब्द दाखवतो. ई-सिमही पुसावे का, असे विचारल्यास आणि ते नव्या फोनवर चालू झालेले असल्यास होकार द्यावा.

फोन पुन्हा चालू होऊन स्वागताचा पडदा दिसला की बहुतेक जण तिथेच थांबतात. मी थांबत नाही. भाषा निवडून, वाय-फाय जोडून पुढे जावे. आधीचे खाते किंवा जुना पिन विचारला गेला तर कुलूप सुटलेले नाही, हे घरातच कळते आणि दुकानदाराचा संध्याकाळचा फोन टळतो. न विचारल्यास खाते जोडण्याचा टप्पा "स्किप" करून मुख्य पडद्यावर जावे, गॅलरी, फाइल्स, संपर्क आणि संदेश रिकामे आहेत हे पाहावे आणि सेटिंग्जमधून आणखी एकदा रीसेट करावा. या दुसऱ्या रीसेटने घरच्या वाय-फायचा पासवर्डही निघून जातो. पुन्हा स्वागताचा पडदा आला की फोन बंद करून ठेवावा.

आयफोनसाठी

आयफोनवर वाट सरळ आहे. सेटिंग्जमध्ये "जनरल", त्यात सर्वांत खाली "ट्रान्सफर ऑर रीसेट आयफोन" आणि तिथे "इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज" निवडले की फोन ॲपल खात्याचा पासवर्ड मागतो, हरवलेला फोन शोधणारी "फाइंड माय" ही सोय बंद करतो आणि सगळे पुसतो. २०१३ मध्ये आयओएस ७ सोबत आलेले ॲक्टिव्हेशन लॉक याच पायरीत सुटते. पासवर्ड न देता पुढे जाण्याचा मोह टाळावा, कारण लॉक असलेला आयफोन घेणाऱ्याच्या हाती काचेचा तुकडा म्हणूनच राहतो.

याआधी "स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन" चालू आहे का, ते तपासावे. जानेवारी २०२४ मध्ये आयओएस १७.३ सोबत ही सोय आली. ती चालू असताना घर किंवा कार्यालय यांसारख्या ओळखीच्या ठिकाणाबाहेर काही महत्त्वाच्या गोष्टी बदलायच्या झाल्यास चेहऱ्याची किंवा बोटाची खूण पटवून एक तास थांबावे लागते. दुकानाच्या काउंटरवर हा तास फार लांब वाटतो, म्हणून ती घरी असतानाच बंद करावी. आयक्लाउडची जागा पुरत नसेल तर त्याच "ट्रान्सफर ऑर रीसेट" पडद्यावर नव्या आयफोनची तयारी करण्याचा पर्याय आहे, आणि त्यातून फोन बदलताना २१ दिवसांपर्यंत जादा जागा फुकट मिळते. ॲपल वॉच असेल तर ते आधी अनपेअर करावे. आयफोन सोडून अँड्रॉइडकडे जाणाऱ्यांनी आयमेसेज (ॲपलची संदेशसेवा) बंद करावे, नाहीतर इतर आयफोनवाल्यांचे काही संदेश जुन्याच वाटेने जात राहतात.

फार जुने आणि बंद पडलेले फोन

अँड्रॉइड ५ किंवा त्याआधीचा फोन अजून चालत असेल तर रीसेटपूर्वी सेटिंग्जमधील "सिक्युरिटी" या भागात "एन्क्रिप्ट फोन" हा पर्याय शोधावा. पिन ठेवून, चार्जर लावून फोन एन्क्रिप्ट होऊ द्यावा. याला तास-दीड तासही लागू शकतो. त्यानंतर रीसेट केल्यावर चिपवर जे राहील ते बहुतांशी किल्ली हरवलेल्या स्वरूपात राहील. तरीही माझा सल्ला असा की एवढा जुना फोन चारपाचशे रुपयांसाठी विकू नये.

बंद पडलेल्या फोनबद्दल मला खरी चिंता वाटते. "जुने-बंद मोबाईल द्या, टब-बादल्या घ्या" अशी आरोळी गल्लीत आली की खणातले दोन-तीन फोन सहज दिले जातात, कारण "बंदच तर आहे" असे वाटते. पडदा गेलेला किंवा चार्जिंगचा पिन तुटलेला फोन आपल्यासाठी बंद असतो. नवा पडदा लावणाऱ्यासाठी तो आपल्या सगळ्या डेटासह चालू होतो, आणि स्क्रीनला कुलूप नसेल तर सरळ उघडतो. तेलंगणात २०२४ साली रामगुंडमच्या सायबर पोलिसांनी प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या बदल्यात गोळा केलेले सुमारे ४,००० जुने फोन पकडले होते, आणि ते सायबर गुन्हेगारांकडे जाणार होते असे तपासात पुढे आले.

अशा फोनचा केवळ पडदा गेला असेल तर ओटीजी जोडणीने (फोनच्या चार्जिंगच्या खाचेत बसणाऱ्या जोडाने) माउस लावून किंवा विश्वासू कारागिराकडून तात्पुरता पडदा लावून, आपल्यासमोर, फोन वरील रीतीने पुसता येतो. फोन चालूच होत नसेल तर तो पुसता येत नाही. तेव्हा तो विकू नये. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि त्यांनुसार नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडे किंवा कंपनीच्या संकलन केंद्रात असा फोन द्यावा; मेमरी कार्ड आणि सिम मात्र आधी काढून घ्यावे. घरी हातोडा मारून किंवा ड्रिलने भोके पाडून फोन नष्ट करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, कारण लिथियमची बॅटरी फुटून पेट घेऊ शकते.

व्यवहाराच्या वेळी

एक्स्चेंजमध्ये घरी फोन घ्यायला येणाऱ्या माणसाला फोन चालू होतो का, पडद्यावर डाग आहेत का आणि आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) जुळतो का, एवढेच पाहायचे असते. त्यासाठी पुसलेला फोन पुरतो. "लॉक सांगा, मी दुकानात जाऊन रीसेट करतो" असे म्हटले तर नम्रपणे नकार द्यावा, आणि घाई असेल तर त्याला दहा मिनिटे बसवून चहा द्यावा, पण पिन देऊ नये.

आयएमईआय क्रमांक स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल केल्यावर दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. दोन्ही लिहून ठेवावेत. जाहिरातीसाठी खोक्याचा फोटो काढताना त्यावरील स्टिकर झाकावे, कारण हे क्रमांक तिथे छापलेले असतात. खोक्यासोबत बिल द्यायचे झाल्यास मूळ प्रत स्वतःजवळ ठेवून पत्ता आणि मोबाईल क्रमांक झाकलेली छायाप्रत द्यावी. घेणाऱ्याकडून तारीख, रक्कम, आयएमईआय, त्याचे नाव आणि सही असलेली साधी पावती घ्यावी. फोन पुढे कोणत्याही कामासाठी वापरला गेला आणि विचारणा आपल्यापर्यंत आली, तर तो आपल्याकडून कधी गेला हे दाखवायला तीच पावती उपयोगी पडते. घेणारा चोरीच्या फोनच्या शंकेने कचरत असेल तर त्याला सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय तपासून दाखवावा, किंवा केवायएम हे रोमन अक्षरांत लिहून, जागा सोडून, पंधरा अंकी क्रमांक १४४२२ वर एसएमएसने पाठवावा. फोनची स्थिती लगेच कळते.

विकून झाल्यावर त्याच दिवशी नव्या फोनवरून गुगल खात्याच्या "सिक्युरिटी" या भागातील "युअर डिव्हाइसेस" ही यादी उघडावी आणि जुना फोन अजून दिसत असेल तर त्यातून साइन आउट करावे. ॲपल खात्याच्या यादीतूनही तो काढावा. व्हॉट्सॲपमधील "लिंक्ड डिव्हाइसेस" आणि फेसबुक-इन्स्टाग्रामची लॉगिनची यादीही तेव्हाच पाहून घ्यावी. फोन देऊन झाल्यावर काही राहिल्याचे आठवले आणि तो आयफोन असेल, तर आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून "इरेज" करून मग "रिमूव्ह फ्रॉम अकाउंट" करता येते आणि ॲक्टिव्हेशन लॉक दुरूनच सुटते. अँड्रॉइडवर पूर्वी "फाइंड माय डिव्हाइस" आणि आता "फाइंड हब" नावाच्या सेवेतून दुरून पुसता येते, पण फोन इंटरनेटला जोडलेला असावा लागतो, मेमरी कार्ड त्यातून सुटू शकते आणि एफआरपी तसेच राहते. ते सोडवायला शेवटी स्वतः जाऊन, स्वतःच्या बोटांनी पासवर्ड टाकावा लागतो, जसा काकांनी त्या दिवशी काउंटरवर पाठ वळवून टाकला.